घारापुरीचे बेट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. सतरंज्या अंथरणे, हळदीकुंकवाचे तबक फिरवणे, शंभर बायकांचा चहा न सांडता उतरवणे ही माझी नेहमीची कामे. पण गेल्या पौषात आपली सहल घारापुरीला जाऊन आली आणि तेव्हापासून मी येता-जाता त्या बेटाविषयीच बोलत बसते, अशी तक्रार अध्यक्षबाईंपर्यंत गेली. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग एकदा सगळ्यांसमोरच बोला आणि मोकळ्या व्हा." म्हणून ही उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

सातवीत भूगोलाच्या मास्तरांनी एक व्याख्या पाठ करून घेतली होती. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात, आणि तिन्ही बाजूंनी वेढलेली असेल तर द्वीपकल्प म्हणतात. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, जावळी-महाबळेश्वराच्या मागे कोयनेच्या पाण्याकाठी. कोयनेचे धरण १९६४ च्या सुमारास पुरे झाले, त्याआधीच आमच्या वडिलांचे मूळ गाव पाण्याखाली गेले. घरे वर डोंगरात सरकली. तीन बाजूंना शिवसागराचे पाणी आणि चौथ्या बाजूला जंगल. मी वर्गात उठून विचारले, "मास्तर, आपले गाव बेट का?" मास्तर हसून म्हणाले, "नाही. मागे डोंगर आहे ना? आपले द्वीपकल्प." सगळा वर्ग हसला. मी व्याख्या पाठ केली, पण माझी शंका काही गेली नाही. कारण त्या मागच्या डोंगरातून जंगल तुडवीत कोणी बाजाराला जात नसे. दळण, मीठ, औषध, टपाल, नवरी, पाहुणा, सगळे लाँचनेच येई. ते गाव बेट नाही तर मग बेट कशाला म्हणायचे? त्या शंकेचे उत्तर मला बत्तीस वर्षांनी घारापुरीला मिळाले. ते कसे, ते सांगते.

सहल आधी सोमवारची ठरली होती, महादेवाचा वार म्हणून. पण सोमवारी लेणी बंद असते, म्हणून मंगळवार धरला. पहाटे उठून डबे केले. आमच्या घरचे कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. त्यांच्या टोळीचे काम सकाळी लागते, त्यामुळे त्यांचा डबा आधी, मग माझा. आपण सत्तावीस जणी वाशीहून गाडीने मुंबईला आणि तिथून गेटवेला गेलो. बोटीवर चढताच खलाशाने अंगात घालायची जाकिटे दाखवली. काही जणींना त्यात साडी चुरगळेल असे वाटले. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर प्रवासी बोटीला अपघात होऊन माणसे दगावली, हे आपण विसरू नये. पाण्याला साडी समजत नाही. मी लाँचच्या गावची मुलगी, मी आधी जाकीट घातले आणि मग खिडकीजवळची जागा धरली.

गेटवेपासून बेट दहा-अकरा किलोमीटर आहे आणि बोटीला सुमारे तास लागतो. त्या तासात कुरव पक्ष्यांनी आपल्याला साथ दिली. पांढरे अंग, राखी पंख. ते बोटीच्या मागे वाऱ्यावर नुसते तरंगत राहतात. त्यांच्यातली तपकिरी डोक्याची जात उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर अंडी घालते आणि थंडीत आपल्याकडे येते. म्हणजे तेही आपल्यासारखे पोटासाठी गाव सोडून मुंबईला येणारे! लोक त्यांना कुरकुरीत खाऊ फेकतात. आपणही फेकला. तो त्यांच्या पोटाला चांगला नाही, हे मला नंतर समजले.

वाटेत एक लहान बेट लागते. त्यावर तेलाच्या मोठमोठ्या गोल टाक्या आहेत. ते जवाहर द्वीप. जहाजांतले तेल तिथे उतरते आणि आपल्यासारख्यांना तिथे उतरायची परवानगी नाही. त्याच्या पलीकडे घारापुरी दिसू लागली. एकाच बंदरात, एकाच पाण्यात दोन बेटे. एकावर टाक्या आणि एकावर रान. माणूस एखाद्या जागेचे काय करील याला नेम नाही.

आता बेटाचा भूगोल सांगते. घारापुरी हे गाव रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. आपण मुंबईहून जातो म्हणून ते मुंबईचे वाटते, पण जमिनीने ते आपल्या बाजूला जवळ आहे. न्हावा-शेवा बंदराच्या क्रेना तिथून समोर उभ्या दिसतात. बेटाची लांबी अडीच किलोमीटरच्या आतलीच. दोन डोंगर आहेत आणि त्यांच्या मधून उत्तर-दक्षिण अशी एक खोल घळ जाते. बोटीतून पाहताना गाढवाच्या पाठीवरच्या दोन गोण्यांसारखे ते दोन डोंगर दिसतात. पश्चिमेचा डोंगर सुमारे १५० मीटर उंच आहे, त्याच्या अंगात लेणी. पूर्वेचा थोडा अधिक, १७३ मीटर. त्याला स्तूपाची टेकडी म्हणतात. डोंगरांवर आंबा, चिंच, करंज यांची दाटी आणि मधूनच ताडाची झाडे. मधल्या खोलगट भागात भातशेती. काठाला तीन वस्त्या आहेत. वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर आणि दक्षिणेला राजबंदर. आपली बोट शेतबंदराला लागते. मोराबंदराकडे रान अधिक दाट आहे. सगळ्या बेटावर मिळून हजार-बाराशे माणसे राहतात. म्हणजे आपल्या मार्केटात सकाळी एका गल्लीत जेवढी गर्दी असते तेवढीच. पर्यटक मात्र संध्याकाळच्या बोटीने परत गेलाच पाहिजे, त्याला तिथे मुक्काम करता येत नाही.

राजबंदराजवळ पूर्वी एक मोठा दगडी हत्ती उभा होता. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी तो पाहून बेटाला एलिफंटा हे नाव दिले. पुढे १८६४ मध्ये तो हत्ती उचलून न्यायला गेले तेव्हा पडून फुटला. त्याचे तुकडे नंतर जोडले आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. आपण मुलांना बाग दाखवायला नेतो तेव्हा त्याच्याजवळून जातो, पण तो घारापुरीचा आहे हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होते? मला नव्हते.

धक्क्यावर उतरले आणि मला पहिला धक्का बसला तो दगडाचा. दगड ओळखीचा होता. तोच काळा कातळ, तीच उतरंड, जी माझ्या माहेरी सह्याद्रीला आहे. आपल्या सचिवबाईंची कन्या कॉलेजात शास्त्र शिकते, ती बरोबर होती. तिने सांगितले की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीच्या पोटातून तापलेला रस थरावर थर वाहिला आणि थंड झाला. त्यातूनच सह्याद्री झाला, आपला पारसिकचा डोंगर झाला आणि घारापुरीही झाली. म्हणजे हे बेट समुद्रातून उगवलेले नाही. ते आपल्याच डोंगरांचे भावंड. मधल्या सखल जागेत समुद्र शिरला आणि ते पलीकडे राहिले. याला पुरावाही आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा प्रिन्सेस डॉक खणला तेव्हा चिखलाच्या खाली खोल खैराची झाडे मुळांसकट उभी सापडली. जिथे आज जहाजे लागतात तिथे एके काळी रान होते.

हे ऐकताना मला आमच्या गावचा वैशाख आठवला. वैशाखात कोयनेचे पाणी उतरते आणि जुन्या गावाच्या भिंतींची जोती, झाडांचे बुंधे चिखलातून वर येतात. वडील बोट करून दाखवायचे, हे आपले अंगण, ही चावडी, हा आंबा. समुद्राने हजारो वर्षांत केले ते आमच्याकडे धरणाने थोड्या वर्षांत केले, एवढाच फरक.

आता काठाविषयी. धक्का लांबलचक आहे, इतका की त्यावर छोटी आगगाडी चालते. मुलांची हौस म्हणून ती केली असेल असे मला वाटले होते. खरे कारण पाण्यात आहे. बेटाच्या कडेचे पाणी उथळ आणि तळाला चिखल. ओहोटीला बोट काठाशी येऊच शकत नाही, म्हणून धक्काच पाण्यात पुढे न्यावा लागतो. आपण पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. खलाशी म्हणाला, "आज अष्टमी, भांगाचे पाणी. दुपारी सुकती, संध्याकाळी भरती." मी विचारले, घड्याळ न बघता कसे कळते? तर म्हणाला, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास भरती येते आणि ती मोठी असते, त्याला उधाण म्हणतात. सप्तमी-अष्टमीला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, तो भांग. भगिनींनो, आपण चतुर्थी-एकादशी पाहायला रोज कालनिर्णय उघडतो, पण त्याच तिथीत समुद्राचे घड्याळ आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

ओहोटीमुळे एक गोष्ट चांगली दिसली. काठाचा चिखल उघडा पडला होता आणि त्यात खारफुटीची झाडे उभी होती. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटा-बोटाएवढ्या काड्या वर आलेल्या असतात. मला वाटले कोणी खुंट्या ठोकल्या आहेत. त्या त्याच्या मुळ्या! चिखलात हवा नसते म्हणून झाड श्वासासाठी मुळ्या वर काढते. तिवराचे पान मी जिभेला लावून पाहिले, खारट लागले. खाऱ्या पाण्यातले मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाची रीत आणखी निराळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, लांब शेंगेसारखे वाढते आणि मग खाली सुटून चिखलात उभे रुतते. जसे आपण मुलीला सगळे शिकवून मग सासरी धाडतो तसे. चिप्पी नावाचे झाडही खारफुटीतलेच. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरवले आहे. या झाडांच्या मुळ्यांत कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात, आणि लाटेचा जोर काठाला लागण्याआधी या झाडांना लागतो. ही झाडे आपल्या वाशीच्या खाडीतही आहेत. रोज गाडीतून आपण ती पाहतो आणि "केवढी घाण आहे" म्हणून नाकाला पदर लावतो. घाण झाडांची नसते, हे त्या दिवशी ध्यानात आले.

शंभरावर पायऱ्या चढून लेण्यापाशी गेलो. लेण्याचे वर्णन थोरामोठ्यांनी केले आहे, मी काय करणार? सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेले, पाच मीटरांहून उंच सदाशिवाचे ते तीन मुख. त्यांच्यासमोर आपली बोलभांड पार्वतीकाकूसुद्धा गप्प झाल्या, यात सगळे आले. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मला सांगायचे आहे ते मूर्तींच्या बाजूच्या एका गोष्टीविषयी. तिथे कातळातच खोदलेले पाण्याचे टाके आहे. मूर्ती घडवणाऱ्यांनी देवाबरोबर पाण्याचीही सोय केली. कारण बेटावर नदी नाही. चहूकडे पाणी, पण तोंडात घालण्याजोगे एक ओंजळही नाही. जो पाऊस पडेल तेवढेच गोडे पाणी. या किनाऱ्यावर पाऊस भरपूर, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर. पण उतारावरून तो बघता बघता समुद्राला जातो. झाडे आहेत म्हणून त्यातला थोडा जमिनीत मुरतो आणि पुढे विहिरींना मिळतो. बेटावर पावसाचे पाणी अडवणारे एक लहान धरणही आहे. तेव्हा बेटावरचे रान नुसते शोभेचे नव्हे. रान म्हणजे तिथल्या बायकांचा हंडा.

आता एक कबुली देते. ही गोष्ट अहवालात नाही, पण मी सांगितली पाहिजे.

दुपारी आपण झाडाखाली जेवायला बसलो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिवडा आणि खास आणलेल्या कागदी बशा, प्लास्टिकचे चमचे, पाण्याच्या बाटल्या. घरून ताटल्या आणायचा कंटाळा, म्हणून ही व्यवस्था मीच सुचवली होती. जेवण झाल्यावर सगळा उष्टा पसारा एका मोठ्या पिशवीत भरून मी झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि आपण फोटो काढायला गेलो. तेवढ्यात माकडे आली. डोक्यावर टोपीसारखे केस असलेली ती माकडे फार धीट असतात. एकाने पिशवी ओढली, दुसऱ्याने फाडली आणि पाच मिनिटांत आपल्या सत्तावीस जणींचे उष्टे उतारावर खालपर्यंत पसरले. एक पिल्लू प्लास्टिकची पिशवी तोंडात धरून चघळत बसले होते. आपण हसलो. मीही हसले.

जवळच बोरे-चिंचा विकायला बसलेली एक बाई उठली. माझ्याच वयाची असेल. तिने टोपली झाकली आणि एक शब्द न बोलता खाली उतरून बशा वेचू लागली. मला लाज वाटली, मीही उतरले. वेचता वेचता ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडे कचऱ्याची गाडी येते ना?" मी म्हटले, येते, रोज सकाळी. ती म्हणाली, "इथे गाडी कुठून येणार? आलेली वस्तू एक तर बोटीने परत जायची, नाही तर इथेच राहायची. जाळली तर धूर आमच्या घरात. पुरली तर आमच्या विहिरीत. टाकली तर भरतीने आमच्याच दारात."

रागाने बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते. ती शांतपणे बोलली, म्हणून मला उत्तर सापडले नाही.

मग आम्ही दोघी जरा टेकलो. मी तिच्याकडून बोरे घेतली. तिने सांगितले की बेटावर वीज फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. समुद्राच्या तळातून सात-साडेसात किलोमीटरची तार टाकून आणली. तोवर संध्याकाळी तीन-चार तास जनित्र चाले, मग अंधार. समोर मुंबईचा झगमगाट आणि इकडे चिमणी. पोरांचा अभ्यास त्या तीन तासांत. आता पंखा आहे, टीव्ही आहे. मी विचारले, "आणि रात्री कोणाला दुखले-खुपले तर?" ती म्हणाली, "बोट. आणि पावसाळ्यात वारा सुटला असेल तर देवाचे नाव."

भगिनींनो, मी सातवीनंतर शाळा का सोडली हे मी मंडळात कधी सांगितले नाही. कोणी विचारले तर गावात पुढे शाळा नव्हती असे सांगते. ते खरे आहे, पण तेवढेच खरे नाही. आमच्याकडे पुढच्या शाळेला लाँचने पलीकडे जावे लागे आणि वडील मला पाठवायला तयार होते, माझे दप्तरही आणून ठेवले होते. त्या वर्षी श्रावणात माझ्या थोरल्या वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचे नाही, दवाखान्यात न्या. बाहेर असा वारा की पाण्यावर लाँच काढायची कोणाची छाती होईना. काढणाऱ्याचा दोष नव्हता, त्याच्याही घरी बायको-मुले होती. पहाटे वारा पडला तेव्हा निघालो. मी वहिनीचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. मधल्या पाण्यात मूल झाले. मूल वाचले, वहिनी गेली. त्या मुलाला सांभाळायला घरात दुसरे कोणी नव्हते. दप्तर कोनाड्यात राहिले. तो माझा भाचा आज आमच्या घरच्यांच्याच टोळीत आपल्या मार्केटात गोणी उचलतो. तुमच्यापैकी पुष्कळजणी त्याला ओळखतात.

हे मी त्या बाईला सांगितले. ती काही बोलली नाही. तिने पदराने माझ्या हाताची माती पुसली आणि आणखी दोन मुठी बोरे माझ्या पिशवीत टाकली, पैसे घेतले नाहीत. त्या घटकेला मास्तरांच्या व्याख्येचे मला उत्तर मिळाले. बेटाची व्याख्या पाण्यावरून करतात, कारण नकाशा काढणारा बाहेरून पाहतो. आत राहणारीला बेट निराळे दिसते. जिथे आणायची वस्तू आधी मोजावी लागते, टाकायची वस्तू कुठे टाकावी हा प्रश्न पडतो, पावसाचा थेंब साठवावा लागतो आणि दुखणे आले तर वाऱ्याला विचारावे लागते, ते बेट. या हिशेबाने आमचे गाव बेटच होते. मास्तर व्याख्येने बरोबर होते, मी अनुभवाने बरोबर होते.

परतताना भरती आली होती. सकाळच्या तिवराच्या मुळ्या पाण्याखाली गेल्या होत्या, नुसते शेंडे वर दिसत होते. धक्क्यावर दुसऱ्या बोटीतून सामान उतरत होते. गॅसच्या टाक्या, तांदूळ, आणि कांद्याची एक गोण. एका तरुणाने ती पाठीवर घेतली. ती घेण्याची ढब पाहून मला आमच्या घरच्यांची आठवण झाली. ती गोण कोठून आली हे मी विचारले नाही. आपल्याच मार्केटातून गेली असेल तर नवल नाही. आपल्या दारातून देशभरचा कांदा जातो, त्यातला एक पाठीवरून, एक बोटीतून त्या बेटावर पोहोचतो. धान्य-भाजी जाते ती वाट आपल्याला दिसते. दुसरी एक वाट आपल्याला दिसत नाही. आपल्या वस्तीतला नाला खाडीला मिळतो. खाडीचे पाणी ओहोटीबरोबर वाशीच्या पुलाखालून बंदरात जाते, आणि घारापुरी त्याच बंदरात आहे. नाल्यात टाकलेली पिशवी, पुलावरून सोडलेली निर्माल्याची पिशवी, हे सगळे कुठे जाते म्हणून आपण कधी विचार करत नाही. दिसेनासे झाले की संपले असे समजतो. पण त्या बेटाच्या काठाला तिवराच्या मुळ्यांत मी दुधाच्या पिशव्या अडकलेल्या पाहिल्या. त्या आपल्याच होत्या असे मी म्हणत नाही. नव्हत्या असेही मला म्हणवत नाही.

मी काही मोठी योजना घेऊन उभी राहिलेली नाही. तीन लहान गोष्टी मंडळापुढे ठेवते. एक, यापुढे मंडळाची सहल जाईल तिथे ताटली, वाटी, पेला प्रत्येकीने घरून न्यावा, आणि जे नेले ते सगळे परत आणावे. धुण्याचे काम मी माझ्या अंगावर घेते. दुसरी, गणपती-नवरात्राचे निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्यात सोडणे आपण बंद करावे. देवाला फूल आवडते, पिशवी नाही. तिसरी, पुढच्या वर्षी पुन्हा घारापुरीला जायचे झाले तर मोराबंदर, राजबंदरच्या बायकांनाही भेटावे. आपण देव पाहून आलो, पण देवाच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना पाहिले नाही.

सहल संपली त्या रात्री भाचा घरी जेवायला आला होता. त्याला मी ती दोन मुठी बोरे दिली. त्याने विचारले, "आत्या, कुठली?" मी म्हटले, "आपल्या गावची." तो हसला, त्याला वाटले मी थट्टा करते आहे.